साथ, स्पर्धा आणि संयम
(बेन वेबस्टर व आर्ट टेटम यांच्या एका ध्वनिमुद्रणाविषयीं)

सॅक्सोफोन हें वाद्य आपल्याला अगदींच अनोळखी आहे असें नाहीं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यांत लग्नसराईच्या दिवसांत ज्याचें घर रस्त्याच्या कडेस आहे, त्याच्या कानांवर वरातीच्या बँडांतून हें वांकड्या मानेचें पितळी वाद्य पडल्यावांचून राहत नाहीं. हिंदी चित्रपटांनीं त्याला मद्यगृहाच्या आणि मोहाच्या प्रसंगांशीं बांधून टाकलें. दक्षिणेंत कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनीं त्याच वाद्याला कर्नाटक संगीताच्या बैठकींत मानाचें आसन मिळवून दिलें. इतका परिचय असूनहि या वाद्याचा स्वतःचा स्वभाव काय आणि कोणाच्या संगतींत तें आपलें मन मोकळें करतें, याचा विचार करण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे, आणि तोहि एकाच ध्वनिमुद्रणाच्या आधारानें. हें ध्वनिमुद्रण ११ सप्टेंबर १९५६ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजलिस येथें झालें. त्यांत टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, पियानोवर आर्ट टेटम, बासवर रेड कॅलेंडर आणि ड्रमवर बिल डग्लस असे चौघे वादक आहेत. निर्माता नॉर्मन ग्रँझ. वाजविलेलीं गीतें सात. सातहि त्या काळीं अमेरिकेंत घरोघर ठाऊक असलेलीं.

हेंच ध्वनिमुद्रण निवडण्याचें कारण असें, कीं त्यांत साथीविषयींचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. मुख्य कलावंताच्या मागोमाग, त्याच्या पायांत पाय न अडकवितां चालणें म्हणजे साथ, ही आपली रूढ कल्पना. या कल्पनेनें पाहिलें तर टेटम हा वाईट साथीदार ठरतो, आणि तसा तो पुष्कळांनीं ठरविलाहि आहे. दुसरा बोलत असतांना तो गप्प बसत नाहीं. समोरच्यानें श्वास घेण्यापुरती जागा सोडली कीं ती तो स्वरांच्या लडींनीं भरून टाकतो, आणि न सोडली तरीहि भरतो. असें असून हें ध्वनिमुद्रण जॅझमधील उत्कृष्ट ध्वनिमुद्रणांत गणलें जातें. हा विरोध कसा उलगडावयाचा? माझें उत्तर थोडक्यांत असें, कीं येथें साथ पियानोवाल्यानें केलेली नाहीं, ती सॅक्सोफोनवाल्यानें केली आहे. आणि ती त्यानें आपले स्वर कमी करून केली आहे. पुढील विवेचन या उत्तराच्या समर्थनार्थ आहे.

जॅझशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं आरंभीं थोडा खुलासा केला पाहिजे. अमेरिकेंत १९३५ च्या सुमारास जी वादनशैली सर्वत्र रूढ झाली आणि दहाएक वर्षें नृत्यगृहांवर जिचें राज्य चाललें, तिला 'स्विंग' म्हणतात. तिचा ठेका चार समान मात्रांचा असतो. पण त्या ठेक्यावर पडणारे स्वर किंचित् मागें, किंचित् पुढें, कांहीं लांबट तर कांहीं आंखूड असे पडतात, आणि ऐकणाराचें अंग नकळत डोलूं लागतें. वाजवावयाचें गीत बहुधा बत्तीस मापांचें. तें आवर्तनाप्रमाणें पुनःपुन्हां फिरत राहतें. पहिल्या फेरींत चाल सांगून झाली, कीं त्या चालीच्या तळाशीं असलेल्या स्वरसंवादांचा क्रम कायम ठेवून वादक तिच्यावर नवी चाल रचूं लागतो. आपल्याकडे गायकाला रागाची चौकट असते. तेथें वादकाला या स्वरसंवादांच्या क्रमाची असते, एवढाच ढोबळ भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे. १९४० नंतरच्या वर्षांत तरुण वादकांनीं या शैलीला मागें टाकून अधिक वेगाची व अधिक गुंतागुंतीची 'बीबॉप' नांवाची शैली निर्माण केली. वेबस्टर जुन्याच शैलींत राहिला.

सॅक्सोफोन बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स या कारागिरानें बनविला आणि १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. त्याचें अंग पितळेचें असलें तरी स्वर क्लॅरिनेटप्रमाणें वेताच्या एका पातळ पत्तीच्या कंपनानें निघतो, आणि त्यामुळें धातूच्या वाद्यांत सहसा न आढळणारा ओलावा त्यांत येतो. त्याच्या प्रकारांपैकीं टेनर हा पुरुषाच्या आवाजाच्या जवळ जाणारा. कोलमन हॉकिन्स (१९०४-१९६९) यानें ११ ऑक्टोबर १९३९ रोजीं 'बॉडी अँड सोल' हें गीत मुद्रित केलें, तेव्हां हें वाद्य एकट्याच्या बळावर काय करूं शकतें तें सर्वांना दिसलें. लेस्टर यंग (१९०९-१९५९) यानें त्याला हलका, तरंगता, संभाषणाजवळचा स्वर दिला. वेबस्टर हा हॉकिन्सच्या घराण्यांतला. पण संथ गीतांत तो गुरूला सोडून स्वतःच्या वाटेनें गेला. त्याचा जन्म १९०९ सालीं कॅन्सस सिटी येथें झाला. आरंभीं तो पियानो वाजवीत असे. मूकपटांना साथ करून त्यानें पोट भरलें होतें. पुढें १९४० ते १९४३ या काळांत ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदांत तो नांवारूपास आला. अखेरचीं वर्षें युरोपांत काढून १९७३ सालीं तो ॲमस्टरडॅम येथें वारला. तो मूळचा पियानोवाला होता ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. टेटम काय करीत आहे हें त्याला बोटांनिशीं कळत होतें.

टेटमहि १९०९ सालचाच; ओहायो राज्यांतील टोलेडो या गांवचा. बालपणापासून त्याला जवळजवळ दिसत नसे. त्याच्या दोन हातांचें वादन प्रथम ऐकणाराला तिसरा हात कोठें आहे असा प्रश्न पडतो. परंतु नुसता वेग हें त्याचें वैशिष्ट्य नव्हे. चालतां चालतां तो खालचे स्वरसंवाद बदलून टाकतो. ओळखीच्या घराच्या भिंती हालवाव्या आणि तरी छप्पर जागेवर राहावें, तशी कांहींशी ती किमया असते. ग्रँझनें १९५४ ते १९५६ या काळांत निरनिराळ्या वादकांबरोबर टेटमचीं जीं लहान मेळांचीं ध्वनिमुद्रणें करविलीं, त्यांतलें वेबस्टरबरोबरचें हें अखेरचें. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आंत, ५ नोव्हेंबर १९५६ रोजीं, टेटम मरण पावला. या योगायोगानें श्रोत्याचें मन हळवें होणें साहजिक आहे. परंतु टीकाकारानें या हळवेपणाला आपल्या निर्णयांत वांटा देऊं नये. हें ध्वनिमुद्रण मोठें आहे तें त्यांतील स्वरांमुळें.

आतां दोन वाद्यांच्या स्वभावाकडे वळूं. पियानोचा स्वर एकदां पडला कीं पडला. तो वाढवितां येत नाहीं, ओढून दुसऱ्या स्वराला भिडवितां येत नाहीं, जन्मतःच तो मरणाच्या वाटेला लागलेला असतो. मिंडेच्या बाबतींत आपण पेटीला नेमका हाच दोष देत आलों. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर जी बंदी घातली आणि जी सुमारें तीस वर्षें टिकली, तिच्या मुळाशीं हाच आक्षेप होता. या उणीवेवर पियानोवाल्यापाशीं एकच तोड असते. एक स्वर मावळूं लागला कीं त्याच्या जागीं दहा उगवावयाचे. टेटमची विपुलता ही पुष्कळांना दिखाऊ वाटते. मला ती त्याच्या वाद्याच्या दारिद्र्यांतून निघालेली वाटते. उलट टेनर सॅक्सोफोनला पियानोजवळ नाहीं तें सर्व दिलेलें आहे. श्वास आहे, घसीट आहे, स्वर फुलविण्याची व विझविण्याची सोय आहे. ज्याच्यापाशीं हें सर्व आहे त्यानें दहा स्वरांच्या मागें लागणें म्हणजे घरांत विहीर असून पाण्यासाठीं वेस ओलांडणें होय. वेबस्टरला हें उमगलें होतें, आणि टेटमसमोर बसल्यावर तें त्याला नेहमींपेक्षां अधिक उमगलेलें दिसतें.

'माय वन अँड ओन्ली लव्ह' हें यांतील सर्वांत प्रसिद्ध गीत घेऊं. आधीं टेटम संपूर्ण गीत आपल्या रीतीनें वाजवितो. त्याच्या हातून तें संपतें तेव्हां त्याविषयीं सांगण्यासारखें आतां कांहीं उरलें नाहीं असें वाटतें. चालीचा कानाकोपरा त्यानें उजळून टाकलेला असतो. अशा वेळीं वेबस्टर प्रवेश करतो, आणि काय वाजवितो? तीच चाल, बहुतेक रचनाकारानें बांधली तशी. मात्र स्वराच्या आधीं त्याचा श्वास ऐकूं येतो; मग स्वर येतो, किंचित् उशिरां, जणूं येऊं कीं नको असा विचार करून; आणि ओळ संपतांना स्वर पुन्हां श्वासांत विरून जातो. कोठें स्वर संपला आणि कोठें नुसती हवा राहिली याची रेघ ओढतां येत नाहीं. मागें टेटम थांबलेला नसतोच. त्याच्या लडी चालूच असतात. पण आश्चर्य असें, कीं मघां सर्व जागा व्यापणारा तो पियानो आतां आपोआप मागें सरतो. त्यानें एकहि स्वर कमी केलेला नाहीं. वेबस्टरच्या संथपणामुळें ऐकणाराचा कानच आपली जागा बदलतो. त्या सावकाश चालीच्या मागें तेच स्वर पावसासारखे वाटूं लागतात. कॅलेंडर व डग्लस हे दोघे या सर्व वेळीं ठेका धरून शांत असतात. रूढ अर्थानें साथ म्हणतात ती या दोघांची, आणि ती नसती तर वरचे दोघे एवढे निश्चिंत राहूं शकले नसते, हेंहि सांगितलें पाहिजे.

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येतो. मी ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथील कांहीं विद्यार्थ्यांना मीं हें ध्वनिमुद्रण ऐकविलें असतां, त्यांतील तबला शिकणाऱ्या एकानें सरळ विचारलें, "सर, पियानोवाल्याची तयारी कळली. पण त्या सॅक्सोफोनवाल्यानें यांत केलें काय? गाणें तर जसेंच्या तसें वाजविलें!" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, ज्या वातावरणांत ही मुलें संगीत शिकत आहेत त्याचा तो सरळ निष्कर्ष होता. आज संगीताच्या स्पर्धांतून सात वर्षांचें मूल तानांचा पाऊस पाडतें आणि आईबाप घड्याळ लावून टाळ्या मोजतात. अशा ठिकाणीं जो कमी करतो त्याला कमी येतें, असा समज झाल्यास नवल नाहीं.

या आक्षेपाला उत्तर दोन बाजूंनीं देतां येतें. पहिलें असें, कीं वेबस्टरला वेग येत नव्हता ही कल्पनाच खोटी आहे. ४ मे १९४० रोजीं एलिंग्टनच्या वाद्यवृंदांत त्यानें 'कॉटन टेल' या रचनेंत जें वादन केलें तें ऐकावें. खरखरीत, आक्रमक, वाघानें झेंप घ्यावी तसें तें वादन आहे. सोळा वर्षांनंतरचा संयम हा अशा माणसाचा संयम आहे; ज्याच्यापाशीं उधळण्यासारखें कांहीं नाहीं त्याची ती काटकसर नव्हे. दुसरें उत्तर ग्रँझच्या त्याच मालिकेंत सांपडतें. १९५६ च्याच फेब्रुवारींत क्लॅरिनेटवादक बडी डीफ्रँको हा टेटमबरोबर बसला. तो मोठ्या तयारीचा कलावंत, आणि त्यानें टेटमच्या वेगाला वेगानें उत्तर दिलें. परिणामीं ऐकणारा थक्क होतो, मध्येंच हंसतो, वाहवा म्हणतो. पण ध्वनिमुद्रण संपल्यावर मनांत चाल उरत नाहीं, धांवपळ उरते. दोन बलवान् मल्ल एकच डाव खेळूं लागले म्हणजे कुस्ती रंगते खरी, पण तिच्यांत अर्थापेक्षां निकालाची उत्सुकता अधिक असते. वेबस्टरनें कुस्तीच नाकारली. नाकारण्याचा हा निर्णय प्रत्येक ओळींत नव्यानें घ्यावा लागला असला पाहिजे, कारण समोरून प्रत्येक ओळींत आव्हान येत होतें. माझ्या विद्यार्थ्याला 'केलें काय' या प्रश्नाचें उत्तर येथें मिळावें.

याच्या उलट बाजूस, खऱ्या अर्थानें आदर्श अशी साथ वेबस्टरला पुढें लाभली. ६ नोव्हेंबर १९५९ रोजीं ऑस्कर पीटरसन याच्या पियानो-त्रयीबरोबर त्यानें जें ध्वनिमुद्रण केलें त्यांत बासवर रे ब्राउन आणि ड्रमवर एड थिगपेन आहे. पीटरसन हा टेटमचा एकनिष्ठ भक्त. स्वरांचा पूर आणणें त्यालाहि हातचा मळ होता. पण येथें तो वडीलधाऱ्यासमोर बसावें तसा बसतो, बोलण्याआधीं थांबतो, वाक्य पुरें होऊं देतो. 'इन द वी स्मॉल अवर्स ऑफ द मॉर्निंग' सारख्या गीतांत तर चौघांनीं मिळून एकच श्वास घ्यावा असें वाटतें. या वाद्याचा व या शैलीचा परिचय करून घेऊं इच्छिणाऱ्या वाचकानें आरंभ येथूनच करावा असें मी सांगेन. मग या निर्दोष ध्वनिमुद्रणापेक्षां मी आधींचें सदोष ध्वनिमुद्रण वरचें कां मानतों? पीटरसनच्या संगतींत वेबस्टर सुखी आहे. टेटमच्या संगतींत तो जागा आहे. तेथें त्याच्यासाठीं मांडून ठेवलेल्या आसनावर तो बसतो, येथें त्याला आपलें आसन स्वतः मिळवावें लागतें. कांहीं रसिक पहिल्या सुखालाच श्रेष्ठ मानतील, आणि त्यांच्याशीं मी भांडणार नाहीं; फक्त त्या सुखासाठीं दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतील टेटमला त्यांनीं अडाणी ठरवूं नये.

कारण टेटमवांचून वेबस्टरचें हें मौनहि नुसतें मौन राहिलें असतें. येथें आमच्या अंबरनाथचें शिवमंदिर आठवतें. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन मंदिराच्या बाह्यांगावर कोरीव कामाशिवाय बोटभर जागा सांपडणें कठीण. पाहणारा प्रदक्षिणा घालतां घालतां दमून जातो. मग तो मंडपांत येतो, आणि तेथून पायऱ्या उतरून खालीं, जमिनीच्या पोटांत गेल्यावर गाभारा लागतो. तो साधा आहे. बाहेरचें कोरीव काम व्यर्थ गेलें असें त्या वेळीं कोणाला वाटत नाहीं, आणि गाभाऱ्यांत कांहीं कोरलें नाहीं म्हणून कारागीर थकले असेंहि कोणी म्हणत नाहीं. तें वैभव पार करून आल्यामुळेंच त्या साधेपणांत उतरण्याचा अर्थ कळतो. या ध्वनिमुद्रणांत टेटमच्या वादनानंतर वेबस्टरचा पहिला स्वर ऐकतांना त्या पायऱ्या उतरल्याचा भास होतो, तो याच कारणानें.

आपल्या संगीताच्या इतिहासांतहि या प्रश्नाला आधार आहे. गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या मागें तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष बसत. म्हणजे स्वतंत्र बैठक गाजविणारे कलावंत साथीला असत. त्यांच्या विद्येशीं चढाओढ न करितां बालगंधर्व पदाच्या शब्दाला आणि चालीला धरून राहत, आणि त्यामुळें ते साथीदारहि झांकले जात नसत. दोन देशांच्या दोन कलांची सरसकट तुलना करण्याचा माझा हेतु नाहीं. पण मोठ्या साथीदाराला बरोबर घेण्याचें धैर्य आणि त्याच्यासमोर आपलें थोडें घेऊन उभें राहण्याचें धैर्य, हे दोन्ही गुण आपल्या रंगभूमीला परके नव्हते, इतकें यावरून दिसतें.

टेनर सॅक्सोफोन मात्र आपल्याकडे अशा संधीला पारखा झाला. १९३५ सालीं लिऑन ॲबे याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मुंबईनें स्वतःचे जॅझवादक तयार केले. रूडी कॉटन या नांवानें प्रसिद्धीस आलेले टेनरवादक मूळचे पारशी, कावसजी खटाऊ. गोव्याहून आलेल्या वादकांची तर मोठी परंपराच आहे. त्यांपैकीं ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनीं सी. रामचंद्रांच्या संगीताला, विशेषतः १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाला, जो डौल दिला तो सर्वश्रुत आहे. या वादकांनीं हॉटेलांत नाचणाऱ्यांसाठीं वाजविलें आणि चित्रपटांत नायकासाठीं वाजविलें. चित्रपटाच्या तबकडीवर गायकाचें व संगीतकाराचें नांव असे, वादकाचें नसे. चार माणसें, एक दिवस, सात गीतें, आणि कोणाच्याहि गाण्याला आडोसा न देतां स्वतःचा श्वास ऐकविण्याची मोकळीक, एवढी साधी गोष्ट त्यांच्या वांट्याला क्वचितच आली. त्यामुळें मुंबईचा टेनर सॅक्सोफोन आपण पुष्कळ ऐकला, पण तो वाजविणारा माणूस आपल्याला फारसा ऐकूं आला नाहीं. ही हानि भरून निघण्यासारखी नाहीं. पण ती हानि होती एवढें तरी आपण ओळखावें.

म्हणून शेवटीं वाचकांना एकच सुचवावेंसें वाटतें. हें ध्वनिमुद्रण आज सहज ऐकावयास मिळतें. तें प्रथम टेटमकडे लक्ष देऊन ऐकावें आणि थक्क व्हावें. त्यांत कमीपणा नाहीं. दुसऱ्यांदा तें वेबस्टरकडे लक्ष देऊन ऐकावें. आणि मग घरांतील मूल गावयास बसेल तेव्हां त्यानें किती ताना घेतल्या हें मोजण्याआधीं, मूळ चाल त्यानें किती प्रेमानें म्हटली, हें एकदां विचारून पाहावें.